कारखान्याचे शास्त्र आणि घरची चूल : अहमदपूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१. विषयाची मर्यादा

उद्योगधंद्यांत श्रमाचे मोजमाप करून त्याची आखणी करण्याची जी पद्धती विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रूढ झाली, ती पुढे कुटुंबाच्या घरगुती व्यवहारासही लावावी असा विचार पुढे आला. या विचाराचा इतिहास सामान्यतः पाश्चात्त्य नगरांच्या संदर्भातच सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो इतिहास संक्षेपाने पाहून त्याची मराठी परंपरा कोणती, आणि नांदेड-लातूर मार्गावरील अहमदपूर व त्याच्या आसपासच्या बालाघाटच्या पठारी मुलखात त्याला कोणते स्वरूप आले, याचा विचार करावयाचा आहे. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानच्या व नंतर हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता; राज्यपुनर्रचनेनंतर तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ साली लातूर जिल्हा निर्माण झाल्यावर त्यात समाविष्ट झाला. एकाच पिढीत तीन जिल्हे पाहिलेल्या या तालुक्यातील घराचा इतिहास मात्र दप्तरात फारसा आढळत नाही. महसुलाच्या कागदांत शेत आहे, सारा आहे, विहीर आहे, चूल नाही.

व्यवस्थापनाची कल्पना कारखान्यातून घरात आली असे म्हणणे एका अर्थाने उलटेच आहे. ग्रीक भाषेत अर्थशास्त्राचे मूळ नाव गृहव्यवस्था या अर्थाच्या शब्दापासून झाले असून झेनोफनने त्याच नावाचा ग्रंथ लिहिला आहे. आपल्याकडे वात्स्यायनाच्या कामसूत्रात भार्येच्या कर्तव्यांत वर्षाच्या उत्पन्नाची गणना करून त्यास अनुरूप खर्च करावा, असे सांगितले आहे. तात्पर्य, हिशेब आणि आखणी यांचे पहिले घर घरच होय. एकोणिसाव्या शतकात उत्पादन घराबाहेर गेले आणि त्याबरोबर व्यवस्थापनाची प्रतिष्ठाही बाहेर गेली. पुढे ते शास्त्र परत आले, तेव्हा ते पाहुण्याच्या नव्हे, तर परीक्षकाच्या वेषात आले.

२. घड्याळाचे शास्त्र

फ्रेडरिक टेलर याने १८८०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या हालचालींना घड्याळ लावले. पुढे बेथलेहेम पोलाद कारखान्यात त्याने फावडे मारण्याच्या साध्या कामाचा अभ्यास केला आणि एका फावड्यात सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो माल असला असता दिवसाकाठी सर्वाधिक काम होते, असा निष्कर्ष काढला. त्याचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. फ्रँक गिलब्रेथ याने गवंड्याच्या विटा रचण्याच्या हालचाली अठरावरून पाचांपर्यंत खाली आणल्या. त्याची पत्नी लिलियन ही मानसशास्त्राची पदवीधर व बारा मुलांची आई होती. १९२४ साली पती निवर्तल्यावर तिने हेच शास्त्र स्वयंपाकघराकडे वळविले.

तत्पूर्वीच, १९१२ साली, क्रिस्टीन फ्रेडरिक हिने अमेरिकेतील एका स्त्रियांच्या मासिकातून ‘नव्या गृहव्यवस्थे’वर लेखमाला लिहिली. भांडी घासताना बाई किती वेळा वळते, ओट्याची उंची तिच्या उंचीशी जुळते काय, शेगडी, कपाट व मोरी यांचा क्रम कामाच्या क्रमाने आहे काय, असे प्रश्न तिने उपस्थित केले. या विचारांचे वास्तुरूप जर्मनीत दिसले. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की हिने फ्रँकफुर्ट नगराच्या कामगार वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर योजिले. आगगाडीच्या भोजनडब्यातील पाकगृह हा त्याचा एक आदर्श होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या नगरात बांधली गेली.

या सर्व योजनांच्या मुळाशी तीन गृहीते होती. पहिले, माल कामगाराकडे येतो. पाणी नळाने, जळण नळीने वा तारेने आणि धान्य दुकानातून दळलेले येते. दुसरे, काम एका जागी होते व करणारी व्यक्ती एक असते. तिसरे, वाचलेल्या वेळाला कोणी धनी असतो. कारखान्यात तो धनी मालक असे, आणि मजूर संघटित असल्यास काही अंशी मजूरही. घरात वाचलेला वेळ कोणाचा, हा प्रश्न या लेखिकांनी बहुधा सोडूनच दिला. ही तीन गृहीते पुढील विवेचनात आपणांस पुनःपुन्हा भेटतील.

३. मराठी परंपरा

मराठीत या विचाराची भूमी ‘टापटीप’ आणि ‘काटकसर’ या दोन शब्दांनी आधीच नांगरलेली होती. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक निघाले. सासूकडून सुनेकडे हाताने जाणारी विद्या छापील प्रमाणांत बसविण्याचा तो मोठा उद्योग होता. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रियांचे विद्यापीठ स्थापन केले. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका वाचून त्यांना ही प्रेरणा झाली होती, आणि अभ्यासक्रमात मातृभाषेबरोबर गृहशास्त्र व आरोग्य यांना त्यांनी हेतुतः स्थान दिले.

तथापि कारखाना आणि घर यांचा खरा सांधा जुळला तो किर्लोस्करवाडीस. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानातील ओसाड माळावर नांगर व कडबा कापण्याची यंत्रे करणारा कारखाना आणि त्यालगत वसाहत उभी केली. पाण्याची सोय, स्वच्छता, रस्ते व घरे यांची आखणी तेथे कारखान्याच्या शिस्तीनेच झाली. १९२० साली त्याच कारखान्यातून शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले. आरंभी त्याचा हेतू कारखान्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविणे हा होता. त्याच आवारातून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघाले. लोखंडी नांगर करणाऱ्या संस्थेने गृहिणीचे मासिक चालवावे, हा योग केवळ व्यापारी नव्हता. यंत्र, नियम आणि विवेक यांनी शेत सुधारते तसे घरही सुधारेल, ही त्या पिढीची श्रद्धा त्यामागे होती. मात्र या वाङ्मयाचा वाचकवर्ग मुख्यतः ब्रिटिश मुलखातील व दक्षिणी संस्थानांतील सुशिक्षित मध्यम वर्ग होता, हे विसरून चालणार नाही.

४. बालाघाटावरील घर

मराठवाड्यापर्यंत हे वाङ्मय फारच क्षीणपणे पोहोचले. निजामी अमलात शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते, आणि स्त्रीशिक्षण तर नाममात्रच होते. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात विलीन झाले, तेव्हा अहमदपूरसारख्या भागातील घर हे शेताचाच एक अवयव होते. माळवदाचे घर, पुढे ढेळज, आत धान्याचे बळद, भांड्यांची उतरंड आणि कोपऱ्यात चूल, अशी त्याची रचना असे. पश्चिमेकडील गृहशास्त्राने ‘साठवण, तयारी, पाक, धुणे’ असा जो क्रम शिकविला, तो या घरातही होता. पण तो चार भिंतींत मावणारा नव्हता. साठवण घरात, दळण जात्यावर, जळण शिवारात, पाणी आडावर आणि धुणे ओढ्यावर अशी त्याची विभागणी होती. फ्रँकफुर्टच्या गृहिणीची पावले मोजावयास एक खोली पुरत होती. येथील गृहिणीची पावले मोजावयास गावाचा नकाशा घ्यावा लागला असता.

म्हणजे पहिले गृहीतच येथे उलटे होते. येथे माल कामकरणीकडे येत नव्हता, कामकरीण मालाकडे जात होती. तूर निघाली की तुराट्या, कापूस संपला की पऱ्हाट्या, एरव्ही गोवऱ्या, असे जळणाचे वेळापत्रक पिकांनी ठरविलेले असे. दुसरे गृहीतही लागू नव्हते. काम एका बाईचे नसून सासू, जावा, नणंदा व मुली यांत वाटलेले असे, आणि ती वाटणी कौशल्यापेक्षा नात्यातील पायरीने ठरे. पाणी आणि शेण हे धाकट्या सुनेच्या वाट्यास का आणि तुपाचे मडके थोरलीच्या हाती का, याचे उत्तर घड्याळात सापडत नाही.

या श्रमाचा स्त्रियांनी स्वतः ठेवलेला एक हिशेब मात्र उपलब्ध आहे. तो म्हणजे जात्यावरील ओव्या. हेमा राईरकर व गी पॉइतव्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. श्रमाच्या अभ्यासकाने त्या केवळ काव्य म्हणून वाचू नयेत. पहाटेची वेळ, हाताचा शीण, दळणाचा भागीदार, माहेराची ओढ हे सर्व त्यांत नोंदलेले आहे. टेलरच्या घड्याळाने जे मोजले नाही, म्हणजे काम करणाऱ्याचे मन, ते या साधनात आधी येते.

५. चूल आणि गिरणी

या मुलखातील घरगुती श्रमास शास्त्र लावण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न हैदराबाद राज्याच्या काळातच झाला. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची निर्धूर चूल सिद्ध केली आणि तिची माहिती देणारी पुस्तिका १९५३ साली मद्रासहून प्रसिद्ध झाली. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या चळवळीतून निघालेली मगनचूल हीही याच जातीची. गरम वायू धुराड्यावाटे जाण्यापूर्वी त्यावर दुसरे भांडे ठेवावयाचे, म्हणजे जळण वाचते आणि धूर घराबाहेर जातो, हे तिचे तत्त्व होते. पुढे १९८०च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि देशभर अशा चुली मोठ्या संख्येने बसविल्या गेल्या; परंतु त्यांपैकी पुष्कळशा थोड्याच काळात वापरातून गेल्या.

याचे कारण लोकांचे अज्ञान असे सांगणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. ज्वारीची भाकरी तव्यावर भाजून मग चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यापुढे उभी करून शेकावी लागते. ज्या चुलीचे तोंड लहान आणि निखारा आत कोंडलेला, तिच्यापुढे हे कसे साधावे? लांब तुराटी वा पऱ्हाटी तोडून आखूड केल्याविना आत जात नाही, म्हणजे एका कामाच्या बचतीसाठी दुसरे काम वाढते. धुराडे वेळोवेळी साफ करावे लागते, आणि तेही बाईनेच. थोडक्यात, उष्णतेचे गणित बरोबर असूनही कामाचे गणित चुकले. टेलरने निदान फावडे मारणाराला आधी पाहिले होते. चुलीच्या शास्त्रज्ञांनी ज्वाला पाहिली, भाकरी थापणारीचा हात पाहिला नाही.

याउलट पिठाच्या गिरणीने कोणत्याही प्रचारावाचून गाव काबीज केले. तिने पहाटेचे दोन-तीन तास मोकळे केले, आणि त्यासाठी घराची रचना, जेवणाची चव वा नात्यातील पायरी यांपैकी काहीच बदलावे लागले नाही. गिरणीपर्यंतची चाल, पाळी आणि विजेची वाट पाहणे हे नवे कष्ट आले खरे. तरी स्त्रियांनी तो सौदा पत्करला. घराने शास्त्र नाकारले असे म्हणता येत नाही, निवडून घेतले असेच म्हणावे लागते.

६. हजेरीपट आणि घर

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील स्त्रीच्या श्रमास प्रथमच माप लावले. पण ते घरातील श्रमास नव्हे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेखाली खडी फोडणे, पाझर तलावाची माती काढणे, बांध घालणे ही कामे निघाली. १९७७ साली या योजनेचा कायदा झाला व १९७९ च्या २६ जानेवारीस तो अमलात आला. येथे मजुरी काढलेल्या मातीच्या घनमापावर ठरे आणि स्त्रीपुरुषांस दर एकच असे. कामावर पिण्याचे पाणी, सावली व लहान मुलांसाठी पाळणाघर यांची तरतूदही होती. बेथलेहेमचे फावडे अशा रीतीने बालाघाटावर आले, असे म्हणण्यास हरकत नाही.

या घटनेचे महत्त्व अर्थशास्त्रापुरते नाही. जी स्त्री दिवसभर माती काढून हजेरीपटावर नाव लावीत असे, तीच सकाळी पाणी भरून व संध्याकाळी भाकरी करून मोकळी होत असे. एकाच देहाच्या दोन श्रमांपैकी एकाला माप, दर आणि अंगठा मिळाला. दुसऱ्याला काहीच नाही. पाळणाघराची तरतूद ही तर या दोन श्रमांना एकत्र पाहण्याची कायद्याने दिलेली कबुलीच होती. मूल सांभाळणे हेही काम आहे, हे सरकारी कागदाने तेथे मान्य केले.

७. आखलेले घर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार माणसांचा बळी घेतला. जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचा भार हे मृत्यूचे मुख्य कारण ठरले. त्यानंतरच्या पुनर्वसनात, जागतिक बँकेच्या साहाय्याने, पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसविण्यात आली. भूमिहीन व अल्पभूधारकांस २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांस ४०० आणि मोठ्या खातेदारांस ७५० चौरस फूट असे घरांचे तीन वर्ग पाडले गेले. रस्ते सरळ, प्लॉट समान, घरे ओळीने. औसा व निलंगा तालुक्यांत अशा रीतीने आखीव गृहरचनेचा एवढा मोठा प्रयोग झाला की, फ्रँकफुर्टची आठवण व्हावी.

भूकंपाच्या दृष्टीने ही घरे निःसंशय सुरक्षित होती, आणि तेवढ्याच कारणाने त्यांचे मोल मोठे आहे. परंतु घर म्हणजे काम करण्याचे स्थळ या दृष्टीने पाहता काही गोष्टी सुटल्या. बळद गेले, ढेळज गेली, गोठा लांब पडला. भावकीची घरे एका वाड्याभोवती असत, ती खातेवहीच्या क्रमाने दूरदूर गेली. जमिनीच्या क्षेत्रावरून घराचे क्षेत्र ठरले. त्यात स्वयंपाक करणाऱ्या हातांची संख्या हा घटक नव्हता. पुढे अनेकांनी या घरांना पडव्या जोडल्या, अंगणात चुली मांडल्या, ओटे घातले. अभियंत्याच्या आराखड्यावर गृहिणीने केलेली ही दुरुस्तीच होय, आणि तिचा अभ्यास व्हावयास हवा.

पाण्याविषयी तर फार लिहावयास नको. १९७२ पासून या जिल्ह्याने अनेक टंचाया पाहिल्या. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूर शहरास आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या घरात टँकरची वेळ हीच दिवसाची घटिका, तेथे कामाचे वेळापत्रक घरात बसून आखता येत नाही. कार्यक्षमतेची पहिली अट घराबाहेर आहे, असा या जिल्ह्याच्या इतिहासाचा साधा निर्वाळा आहे.

८. वाचलेला वेळ

आता तिसऱ्या गृहीताकडे वळू. साधने आली म्हणजे वेळ वाचतो, हे खरे काय? अमेरिकेत जोॲन व्हॅनेक हिने १९७४ साली दाखविले की, नोकरी न करणाऱ्या गृहिणीचे घरकाम १९२०च्या दशकात आठवड्यास सुमारे ५२ तास होते व १९६०च्या दशकात ते सुमारे ५५ तास झाले. धुण्याचे यंत्र आले, पण कपडे अधिक वेळा धुतले जाऊ लागले. रूथ श्वार्ट्झ कोवन हिने १९८३ च्या आपल्या ग्रंथात याची मीमांसा करून असे म्हटले की, यंत्रांनी पुरुषांचे व मुलांचे घरातील वाटे काढून घेतले आणि आईचे तसेच ठेवले. लाकूड फोडणे पुरुषाचे काम होते, ते गॅसने संपले; स्वयंपाक संपला नाही.

आपल्या देशात केंद्रीय सांख्यिकी खात्याने २०१९ साली केलेल्या कालवापर सर्वेक्षणात ६ वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के आणि पुरुषांपैकी २६.१ टक्के व्यक्ती दिवसाकाठी बिनमोल घरकामात भाग घेत असल्याचे आढळले. भाग घेणाऱ्या स्त्रीचा सरासरी वेळ २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ झाले. गॅसच्या जोडण्या, नळयोजना आणि मिक्सर यांच्या या काळात स्त्रीच्या वाट्याचे दहा मिनिट कमी झाले, आणि पुरुषाचेही नऊ. साधने वाढली, वाटणी हलली नाही.

९. निष्कर्ष

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. कारखान्याची पद्धती घरास लावणे हे स्वतः वाईट नाही. किंबहुना घरकाम हे काम आहे, हे मान्य करण्याची ती एक पायरी आहे. क्रिस्टीन फ्रेडरिकपासून किर्लोस्करवाडीपर्यंत ज्यांनी ती सुचविली, त्यांनी गृहिणीच्या श्रमाला निदान विचाराचा विषय केले. दुसरे असे की, कारखान्यात कार्यक्षमतेच्या अटी मालक पुरवितो. घरात त्या समाजाने पुरवाव्या लागतात. पाणी, जळण, दळण आणि मूल सांभाळण्याची सोय ही चारही कामे घराबाहेरच्या व्यवस्थेवर अवलंबून आहेत. ती व्यवस्था नसताना गृहिणीस टापटिपीचा उपदेश करणे म्हणजे कोरड्या आडावर उभे राहून पोहरा शिंदण्याचे शास्त्र शिकविण्यासारखे आहे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाचलेल्या वेळाच्या मालकीचा प्रश्न हा यंत्राचा नसून नात्यांचा आहे. तो घड्याळाने दिसतो, सुटत नाही.

परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात शेतकरी स्त्रियांचे कष्ट कमी करण्याविषयी गृहविज्ञानाच्या अंगाने संशोधन झाले आहे. त्याला इतिहासाची जोड मिळाली पाहिजे. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी पहिली पिठाची गिरणी, पहिला नळ आणि पहिली गॅसची शेगडी केव्हा आली, आणि ती येण्यापूर्वीचा दिवस कसा होता, हे वयोवृद्ध स्त्रियांच्या तोंडून टिपून ठेवावे. ज्या पिढीने पहाटे जाते ओढले, ती आता थोडीच उरली आहे. तिच्याबरोबर श्रमाचा जो हिशेब जाईल, तो कोणत्याही दप्तरात पुन्हा सापडणार नाही.